निर्मद्य पेट्रोल

खांब फोडून प्रकटताना ज्याने त्रैलोक्य हादरवले, आणि प्रल्हादाला मांडीवर घेताना ज्याने आपली नखे आत ओढून धरली, त्या पोखर्णीच्या श्रीनृसिंहाला वंदन करून लिहायला बसलो आहे. निमित्त असे, की आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सरांना जाऊन येत्या पौर्णिमेस वर्ष होते. त्यांच्या धाकट्या बहिणीने त्या दिवशी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला आहे. "शास्त्रीजी, दादाविषयी तुमी लिहून आणा. थोर होता, महान होता, असलं काही नको. होता तसा लिहा," असे तिने मला बजावले आहे.

सर बुद्धवंदना करणारे, मी शाळेत संस्कृत शिकवणारा. सभेत बोलायला उठलो की आधी मंगलाचरण म्हणायचे, ही माझी जुनी सवय. सर मागच्या बाकावरून शेजाऱ्याला सांगायचे, "थांबा जरा. शास्त्रीजींची गाडी चोक दिल्याबिगर सुरू होत न्हाई." तेव्हा वरच्या ओळी त्यांनी ऐकल्या असत्या तर काय म्हटले असते, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही त्या लिहिल्या आहेत. नृसिंहही क्षमा करील आणि सरही.

सर अंगाने किडकिडीत, चालताना किंचित पुढे झुकलेले, जणू रस्त्यावर पडलेली एखादी वस्तू वाचत चालले आहेत. वाद कशावरूनही होवो, त्यांचे एकच म्हणणे असे, "आपण कशाला भांडावं? पदार्थालाच विचारू." शिक्षकांच्या खोलीत चहाच्या दुधावरून कुरबूर झाली, की हे दुधाचा थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते बघत बसत. माझ्या नातवाच्या मुंजीत पंगत सोडून ते थेट मुदपाकखान्यात शिरले. पुरी नेमकी कोणत्या क्षणी फुगते, ते त्यांना जवळून पाहायचे होते. कढईपाशी ते इतके वाकले, की आचारी म्हणाला, "सर, हात जोडतो, पानावर बसा. न्हाई तर पुरीच्या आधी मीच फुगंन." सर हसून पानावर बसले, आणि पुरी हातात आल्यावर तिला भोक पाडून आतली वाफ नाकाशी धरली.

ही जिज्ञासा निरुपद्रवी होती. तिला धार आली ती एका स्कूटरपायी, आणि ती स्कूटर सरांची नव्हे, त्यांच्या बहिणीची.

ताईंच्या उजव्या पायातले बळ लहानपणीच पोलिओने गेलेले. त्या जिंतूर रस्त्यावरच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका आहेत. परभणीहून रोज स्कूटरवर जातात आणि येतात. स्कूटर लाल, जुन्या काळची, टू-स्ट्रोक इंजिनाची. मागे दोन्ही बाजूंना जोडचाके बसवलेली आणि पायाचा ब्रेक हातावर घेतलेला. किक मात्र पायानेच मारावी लागे, आणि तीही उजव्या. म्हणून सकाळी घरून निघताना किक सर मारायचे, शाळा सुटल्यावर शिपाई मारायचा. मधल्या रस्त्यात इंजिन बंद पडले तर ताईंनी काय करायचे, या प्रश्नाला घरात उत्तर नव्हते. शाळेत पोचल्या की ताई सरांना मिस्ड कॉल द्यायच्या. तो येईपर्यंत सर चहाला तोंड लावत नसत. कप समोर, त्याच्या शेजारी फोन, आणि सर दोन्हींकडे आळीपाळीने बघत बसलेले, असे दृश्य मी कितीदा पाहिले आहे.

"नवी गाडी घ्या की," असे कोणी म्हटले तर ताई उत्तर द्यायच्या, "आईच्या कडेवरून मी थेट हिच्या सीटवर आलेय. आता दुसऱ्या कुणाच्या मागं बसणं जमायचं न्हाई."

काही वर्षांपूर्वी या स्कूटरला नाना विकार सुरू झाले. पेट्रोलची रबरी नळी फुगून शेवयीसारखी मऊ झाली. सुटीत गाडी उभी राहिली, ती सुटी संपल्यावर काही केल्या सुरू होईना. फिटरने कार्बोरेटर उघडून आतली चिकट घाण दाखवली. "सर, आता पेट्रोलात स्पिरिट यायलंय. नव्या गाड्यांना काय वाटत न्हाई. ह्या म्हातारीला सोसत न्हाई."

ऊस, मका, तांदूळ यांपासून काढलेले इथेनॉल, म्हणजे एक प्रकारचा मद्यार्कच, हल्ली पेट्रोलात मिसळलेले असते, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. वाचून विसरलो होतो. सर विसरणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांच्या खिशात पेनाशेजारी एक लांबट, बारीक, अत्तराची रिकामी शिशी आली. तिच्यावर त्यांनी कानशीने दोन खुणा केल्या होत्या. पंपावर गेले की पहिल्या खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, दुसरीपर्यंत पेट्रोल, बूच लावून हलवायचे आणि बाजूला जाऊन शिशी उन्हात धरायची. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पण पेट्रोलात इथेनॉल असले, तर ते पेट्रोलाचा हात सोडून पाण्याकडे जाते, आणि तळाच्या पाण्याची रेघ खुणेच्या वर चढते.

पहिल्यांदा त्यांनी मला ही रेघ दाखवली, तेव्हा मी किती वेळ बघत राहिलो. नीर आणि क्षीर वेगळे करणारा हंस आम्ही कवींच्या भरवशावर शिकवत आलो. तो हंस प्रत्यक्ष कोणी पाहिला आहे? इथे मात्र वेगळे करण्याचे काम साधे नळाचे पाणी करत होते, तेही आरडाओरड न करता.

पंपावरच्या लोकांना सरांचा हा नेम पाठ झाला होता.

"आले बगा, शिशीवाले वैद्य आले."

"बिनमिसळीचं हाय का?" सर रोज तेच विचारत.

"सर, टाकी एक, नळी एक. वरून जे यायलंय तेच आमी द्यायलाव. तुमी असं करा, गाडीला सोवळं नेसवा."

सर शिशी उन्हात धरून उभे राहत.

"मंग? आज किती प्यायलंय?"

"कालच्याहून जरा जास्त."

"मंग सावकास जावा. तोल जाईल."

त्या सोवळ्याच्या थट्टेवर सर कधी चिडले नाहीत. पण एकदा माझ्यावर मात्र त्यांनी नजर रोखली. मी सहज विचारले होते, "काय सर, शुद्ध पेट्रोल मिळाले का कुठे?"

ते थांबले. "शास्त्रीजी, शुद्ध म्हणू नका. तो शब्द लय दिवस आमच्या पाणवठ्यावर पहाऱ्याला बसलेला होता. आता माझ्या टाकीवर त्याला कशाला बसवायचं? इथेनॉलात अशुद्ध काय हाय? उसाचंच पोर ते. त्याच्यानं उसवाल्यांचं भलं होत असलं तर होऊ द्या. नव्या इंजिनाला चालतंय, चालू द्या. आमच्या रबराला सोसत न्हाई, एवढीच गोष्ट हाय."

शब्दांचा अर्थ कोशात पाहायची मला सवय. शब्द कोणाच्या वाटेत कसा आडवा पडलेला असतो, हे कोशात नसते.

जरा वेळाने तेच म्हणाले, "पण शब्द तर पाहिजे. बिनइथेनॉलचं, बिनइथेनॉलचं म्हणून जीभ अडखळायलीय. तुमच्या संस्कृतात बघा की काही."

दुसऱ्या दिवशी मी दोन शब्द घेऊन गेलो. पहिला 'निर्मद'. पण त्याचा रूढ अर्थ मद उतरलेला हत्ती, हेही मी प्रामाणिकपणे सांगितले. सरांना हत्ती आवडला, स्कूटरला मात्र तो बसेना. दुसरा शब्द 'निर्मद्य', म्हणजे ज्यातून मद्य निघून गेले आहे ते. सरांनी तो दोनदा म्हणून पाहिला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हा बरोबर! आमचं पाचवं शील. दारूपासून लांब राहायचं. घरात आमी दोघं पाळतो, आता गाडी बी पाळंल!"

त्या दिवसापासून 'निर्मद्य पेट्रोल' हा शब्द परभणीत निदान दोन माणसांच्या बोलण्यात रूढ झाला.

मग सरांनी शोध आरंभला. पंपवाले, टँकरचे चालक, कृषी विद्यापीठातले ओळखीचे, फवारणीचे छोटे पंप दुरुस्त करणारे, ज्यांच्या ज्यांच्या हाताला पेट्रोलाचा वास येतो त्या सगळ्यांकडे ते जाऊन आले. एवढे कळले, की मोठ्या शहरात काही पंपांवर फार महाग असे एक पेट्रोल मिळते, आणि त्यात इथेनॉल नसते असे लोक म्हणतात. एका परिचिताची जुनी, पेट्रोलवर चालणारी जीप लग्नाला त्या बाजूला निघाली होती. सर तिच्यात बसले. लग्न कोणाचे, हे त्यांना परतल्यावरही सांगता आले नाही. पत्र्याचा एक डबा मात्र भरून मिळाला. भरण्याआधी त्यांनी पंपावरच शिशी हलवून पाहिली होती, आणि पाण्याची रेघ खुणेवरून केसभरही हलली नव्हती. डब्यावर त्यांनी घरूनच लाल रंगाने, फळ्यावर लिहीत तशा गोल अक्षरांत, माझा शब्द रंगवून नेला होता.

परतीच्या वाटेवर एका ठिकाणी जत्रेमुळे पोलिसांची नाकाबंदी होती, आणि शोध दारूचाच चालला होता. पुढचे संभाषण सरांनी मला इतक्यांदा ऐकवले, की मी तिथे हजर होतो असेच मला वाटते.

"काका, डब्यात काय हाय?" शिपायाने विचारले.

"लिहिलंय की. वाचा."

शिपायाने टॉर्चच्या उजेडात अक्षर अक्षर लावले. "निर... मद्य." आणि तो ओरडला, "साहेब! मद्य हाय! वर लिहून न्यायलेत!"

"अहो, 'निर्' बघा की आधी!" सर म्हणाले.

"बघितलं. नीर म्हंजे पाणी. पाणी घातलेली दारू."

जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाने मग मला फोन लावला. "शास्त्रीजी, तुमच्या उपसर्गानं मला पकडून दिलंय. साहेबांना समजावून सांगा." मी फौजदारांना 'निर्' उपसर्गाचे निष्कासन, अभाव वगैरे अर्थ उदाहरणांसह सांगू लागलो. निर्दोष, निर्भय, निर्धन. फौजदारांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, सरळ 'पेट्रोल' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?" याचे उत्तर पाणिनीकडेही नसावे.

डब्याचे झाकण उघडताच वासाने दारूचा संशय मिटला. पण माणसांनी भरलेल्या जीपमध्ये असे सुटे पेट्रोल न्यायचे नाही, असे फौजदारांनी बजावले, आणि ते रास्तच होते. त्यांच्या समोर सगळा डबा जीपच्या टाकीत रिकामा करावा लागला. "जीप अशी पळाली शास्त्रीजी, की काय सांगू," सर म्हणत. ते हसून सांगत, पण ताईंची स्कूटर होती तिथेच राहिली होती.

तेव्हा त्यांनी दुसरा विचार केला. शिशीत जे घडते, ते बरणीत का घडू नये? अंगणाच्या टोकाला, चुलीपासून दूर, त्यांनी खाली तोटी असलेली काचेची मोठी बरणी मांडली. पंपावरचे पेट्रोल ओतायचे, पाणी घालायचे, ढवळायचे, स्थिर होऊ द्यायचे, मग तळाचे पाणी तोटीतून सोडून द्यायचे आणि वरचे पेट्रोल ताईंच्या टाकीत. मी संध्या आटोपून तिकडे जाऊन बसत असे. काचेत दोन थर वेगळे होताना बघण्यात एक शांतता होती. मी एकदा विचारलेही, "सर, पेट्रोलात पाण्याचा अंश राहत नाही ना?"

"राहायला नको," सर म्हणाले. "वाट बघितली तर खाली बसतं."

आणि सर वाट बघायचे. पण वाट बघणाराही माणूसच.

कापूस वेचणीचे दिवस होते. एका सकाळी सर माझ्या दारात आले. पायात चप्पल नव्हती. "मिस्ड कॉल आला न्हाई," एवढेच म्हणाले. ताईंचा फोन लागत नव्हता. आम्ही रिक्षा केली आणि जिंतूर रस्त्याला लागलो. सर रिक्षाबाहेर वाकून दोन्ही कडा बघत होते. दुरून काही लाल दिसले की माझा हात दाबून म्हणत, "ती हाय का?" एकदा तो सिमेंटचा रंगवलेला दगड निघाला, एकदा उलटी पडलेली टोपली. मी मनात नृसिंहाचा जप धरला होता, पण दर वळणावर तो तुटत होता. सर मध्येच म्हणाले, "मी तिला शब्द दिलता शास्त्रीजी. गाडी रस्त्यात थांबणार न्हाई म्हणून."

शाळेपर्यंत रस्ता रिकामा होता. शाळेच्या व्हरांड्याला लागून स्कूटर उभी होती, आणि आतून पोरांचे पाढे ऐकू येत होते.

ताई कुबडी टेकत बाहेर आल्या. भावाच्या अनवाणी पायांकडे त्यांनी पाहिले. "फोनची बॅटरी गेली, दादा. आता वर्ग सुटला की शिपायाच्या फोनवरून लावणारच होते."

"गाडी थांबली?"

"थांबली. हितंच, पूल उतरल्यावर."

सरांनी व्हरांड्याचा खांब धरला. ताईंनी आतून एक छोटी बाटली आणली, तिच्यातले थोडे झाकणात ओतले आणि त्यांच्या पुढे धरले. "तू शिकवलं तसं कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला. हे निघालं, बघ." झाकणात थोडे पेट्रोल होते, आणि त्याच्या तळाशी एक टपोरा थेंब इकडून तिकडे घरंगळत होता. "हे इथेनॉल न्हाई, दादा. हे तुझं पाणी हाय. बरणीतलं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. झाकण उन्हात धरून तो थेंब त्यांनी बराच वेळ निरखला. पदार्थाला विचारायचे म्हणणारा माणूस पदार्थाचे उत्तर ऐकत होता.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "माझंच हाय." मग आवाज खाली आणून विचारले, "पण किक कुणी मारली?"

ताईंना हसू आवरेना. "बाजूच्या वावरातून एक बाई आली. डोक्याला, तोंडाला सगळं बांधलेलं, कमरेला कापसाची झोळी. म्हणली, 'काय झालं मॅडम?' म्हणलं, 'हितं लाथ मारायची हाय, माझा पाय चालत न्हाई.' ती म्हणली, 'आत्ता गं बया, लाथच मारायची ना? नवऱ्याचं तोंड डोळ्यापुढं आणते.' आणि असली मारली दादा, एकाच लाथंत गाडी सुरू! वर म्हणती कशी, 'रोज थांबत जावा, मला बी बरं वाटतंय.'"

रिक्षावाला मोठ्याने हसला. सर हसले नाहीत. "तिचं नाव?"

"विचारायचं राहिलं."

"कुठली होती?"

"काय ठाव. सगळ्याच बांधलेल्या असत्यात." मग ताई, ज्या आवाजात त्या पहिलीच्या पोरांना अक्षर समजावतात, त्या आवाजात म्हणाल्या, "दादा, बरणी बंद कर. मी नव्या रबराची नळी टाकून घेते, ती टिकते म्हणतो फिटर. पंपावरचंच पेट्रोल भरंन, रोजच्या रोज. आणि थांबली गाडी तर थांबली. माझा एक पाय गेलाय. रस्त्याला पाय लय हायत."

सर व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला गेले. पलीकडच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया ओळीने वाकलेल्या होत्या. सगळ्यांची डोकी आणि तोंडे बांधलेली, फक्त डोळे उघडे. त्यांतली ती कोण, हे कळायला मार्ग नव्हता. सर तिथे अनवाणी उभे राहिले, त्यांनी दोन्ही हात जोडले आणि साऱ्या शेतालाच वाकून नमस्कार केला.

एक बाई कमरेवर हात ठेवून ताठ झाली आणि ओरडली, "ओ गुरुजी! मतं मागायला आलाव काय वो?"

वावरभर हसू पसरले. सरांनी हात खाली घेतले नाहीत.

हे वाचणाऱ्यांवर आणि त्यांच्या घरादारावर श्रीनृसिंहाची दृष्टी राहो. तुमच्या घरातून सकाळी बाहेर पडणारा प्रत्येक जण सुखरूप पोचो. आणि कधी आडरस्त्यात थांबावे लागलेच, तर शेजारच्या वावरात कोणी तरी वेचणीला आलेले असो.